पहिल्या पानाची गादी

वर्तमानपत्राचं पहिलं पान विकणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे!

हे वाक्य पहिलेपाने दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. पहिलेपाने हे त्यांचं आडनाव नाही बरं का. खरं आडनाव काय होतं, ते पगारपत्रक करणाऱ्यालाही जरा डोकं खाजवून आठवावं लागायचं. दैनिकाच्या जाहिरात विभागात बाकीची मंडळी आतली पानं विकायची, पानांचे कोपरे विकायची, शब्दकोड्याखालची बोटभर पट्टी विकायची. पहिलेपाने फक्त पहिलं पान विकायचे. त्यातही त्यांचा हातखंडा जॅकेटचा.

जॅकेट म्हणजे काय, हे ज्याच्या घरी पेपर येतो त्याला सांगायला नको. सकाळी बातम्या बघाव्यात म्हणून पेपर हातात घ्यावा, तर वर पानभर कोणाचं तरी दुकान! ते पान बाजूला सारावं तेव्हा कुठे आत पेपर सापडतो. हे बाजूला सारायचं पान पहिलेपाने सगळ्यात महाग विकायचे, आणि विकताना एकच शब्द वापरायचे.

"एकमेव!" असं म्हणून ते टेबलावर तळहात आपटायचे. "त्या दिवशी त्या पानावर तुम्ही आणि फक्त तुम्ही. दुसरं चिटपाखरूही नाही! सकाळी सगळं शहर डोळे उघडतं आणि स्वतःच्या बायकोच्या आधी तुमचं तोंड बघतं!"

गिऱ्हाईक विरघळायचं. संध्याकाळी पहिलेपाने छाती काढून घरी यायचे आणि बूट काढता काढता सांगायचे, "आज पुन्हा जॅकेट आपलंच होतं बरं का!"

"हो का? छान झालं," बायको म्हणायची. पण म्हणताना त्यांच्याकडे अशी बघायची, जशी आई नापास होऊन आलेल्या मुलाकडे बघते. मग न मागता ताटात आणखी एक पोळी वाढायची. पहिलेपानेंना वाटायचं, कर्तबगार नवऱ्याचा मान दुसरं काय! ते खात गेले आणि पट्ट्याची भोकं एकामागून एक मागे पडत गेली.

घरचा पेपर ते स्वतः कधी उघडत नसत. दिवसभर फोडण्या घालणाऱ्या आचाऱ्याची भूक मरते ना, तसं. ते पेपर बघायचे तो ऑफिसात. ही एवढीशी गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिच्यामुळेच सगळा घोळ झाला.

तर एके दिवशी दैनिकाच्या मालकांनी पहिलेपानेंना केबिनमध्ये बोलावलं.

"गादीशेठ वर्षभराचं कंत्राट करायचं म्हणताहेत," मालक म्हणाले. "दर आठवड्याला एक जॅकेट. आधी एक करून बघणार आणि पटलं तर सही. कंत्राट आलं तर तुमची खिडकीजवळची खुर्ची तुमचीच."

"आलंच म्हणून समजा, साहेब!"

"आणि नाही आलं तर..."  मालकांनी फक्त बोटाने जमीन दाखवली.

जमिनीखाली तळघर होतं आणि तळघरात श्रद्धांजली विभाग! तिथे एकच खिडकी, तीही काउंटरची. समोर रडवेली माणसं रांगेत उभी. डोक्यावर एक दिवा, तो लागावं की विझावं याचा विचार करत लुकलुकायचा. तिथला आधीचा माणूस इतकी वर्षं हळू आवाजात बोलून बोलून शेवटी घरीसुद्धा कुजबुजायला लागला होता. त्याच्या बायकोला वाटलं, याचं बाहेर काहीतरी लफडं आहे! तो निवृत्त झाल्यापासून ती खुर्ची रिकामी होती. 

गादीशेठ म्हणजे गाद्यांच्या धंद्यातलं बडं प्रस्थ. माणूस असा ऐसपैस की उभा असला तरी बसल्यासारखा वाटायचा. त्यांनी जाहिरातीसाठी स्वतःचाच फोटो काढून घेतला होता, कमरेपासून डोक्यापर्यंत, पानभर! तोंड मात्र घट्ट मिटलेलं. पुढचे दोन दात नुकतेच निखळले होते आणि नवे अजून बसायचे होते.

"एकमेव म्हणजे एकमेव ना?" शेठनी विचारलं.

"शेठ, त्या दिवशीच्या अंकात दुसरी गादी दिसली तर नाव बदलेन!" पहिलेपाने म्हणाले. आणि खरंच, त्यांनी आतल्या पानावरची उशीच्या अभ्र्यांची बोटभर जाहिरातसुद्धा हातापाया पडून काढायला लावली.

"ते सगळं ठीक," शेठ म्हणाले. "पण लोक ही जाहिरात बघतात याचा पुरावा काय?"

"आमच्या खपाचे आकडे..."

"आकडे नकोत! माझ्या गादीत कापूस किती आहे हे मीही गिऱ्हाइकाला सांगतोच की!" शेठ हसले, तोंड मिटूनच. "त्यापेक्षा असं करतो. ज्या दिवशी जाहिरात येईल त्या दिवशी सकाळी तुमच्या घरी चहाला येतो. गुपचूप कोपऱ्यात बसतो. एक साधं चारचौघांसारखं घर पेपर कसा उघडतं, ते या डोळ्यांनी बघतो. पटलं तर तिथल्या तिथे सही."

पहिलेपाने "अवश्य, अवश्य!" म्हणाले खरे, पण जिना उतरताना ते स्वतःलाच शिव्या घालत होते. कारण आपलं घर काय चीज आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. कॉलेजात जाणाऱ्या कन्येला पेपरातलं फक्त शब्दकोडं दिसायचं. बायको आधी भविष्य वाचायची आणि मग दिवसभर त्याच्याशी भांडायची. आणि आई! आई पेपर हातात आला की पहिलं पान, दुसरं पान, सगळं जग ओलांडून थेट मधल्या पानावर जायची. श्रद्धांजलीच्या!

तेव्हा आता करायचं काय? पहिलेपानेंनी ठरवलं, तालीम घ्यायची!

आदल्या दिवशी संध्याकाळी जेवणं लवकर उरकून त्यांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत ओळीने बसवलं. छापायच्या आधीचं पान ऑफिसाबाहेर नेता येत नसे, म्हणून पेपराच्या जागी जुन्या कॅलेंडरचं पान घेतलं.

"हे बघा, तू पेपर घेऊन आत यायचं," ते कन्येला म्हणाले. "आणि आजीच्या हातात द्यायचा. आजी मोठी, म्हणून मान आजीचा. आई, तू पहिल्या पानाकडे बघायचं, जरा थांबायचं आणि म्हणायचं, 'अगंबाई, किती विश्वासू चेहरा! या माणसाच्या गादीवर डोळे मिटून झोपावं!'"

"झोपताना डोळे मिटतोच की रे आपण," आई म्हणाली.

"आई, तेवढंच म्हण. स्वतःचं काही घालू नकोस!"

"आणि मी?" बायकोने विचारलं.

"तू पेपर हातात घ्यायचा आणि म्हणायचं, 'बघू, बघू, दुकान कुठे आहे?' आणि खाली असेल तो पत्ता मोठ्याने वाचायचा. अडखळायचं नाही!"

"बाबा, आपल्या घरात असं कोण बोलतं?" कन्या म्हणाली. "आपण बोलतो, 'ए, सरक, मला पाहिजे.'"

"उद्या एक दिवस बोला माणसांसारखं! माझ्या खुर्चीचा प्रश्न आहे!"

तालीम रंगली. आईला तर भूमिका इतकी आवडली की ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली तरी तिथून "अगंबाई, किती विश्वासू चेहरा!" ऐकू येत होतं. फक्त एक गोष्ट पहिलेपानेंना खटकली. झोपायच्या आधी बायको जवळ आली आणि फार मायेने म्हणाली, "अहो, उद्या येणार आहे ना जाहिरात? खरंच येणार आहे ना?"

"म्हणजे काय? मी खोटं बोलतो?"

"नाही हो. सहज विचारलं," असं म्हणून तिने त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

सकाळी गादीशेठ वेळेच्या आधीच हजर! हातात कातडी बॅग, बॅगेत कंत्राट. कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत ते बसले तशी खुर्ची दीर्घ उसासा टाकून गप्प झाली. पहिलेपाने शेजारी स्टुलावर बसले. तेवढ्यात दाराशी धप्प झालं. पेपर आला!

कन्या पेपर घेऊन आत आली आणि दोन पावलांवर जागच्या जागी थबकली. पेपराकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, पुन्हा पेपराकडे बघितलं. मग भुवया वर केल्या, डोळे मोठे केले आणि मान अशी हलवली की बघणाऱ्याला वाटावं कानात पाणी गेलंय. पहिलेपानेंना वाटलं, पोरगी आयत्या वेळी बुजली! त्यांनी डोळे वटारून आजीकडे खूण केली. कन्येने खांदे उडवले आणि घडी घातलेला पेपर आजीच्या हातात दिला.

आता इथे आईच्या चष्म्याची हकीकत सांगायला हवी. त्या चष्म्याची एक काडी मोडली होती आणि तिथे दोरा बांधलेला होता. घरच्यांसमोर ठीक, पण परक्या माणसासमोर दोऱ्याचा चष्मा? छे! आईने तो उशीखाली ठेवला होता. तिला पेपरावर दिसलं ते एवढंच, की वरच्या बाजूला मोठा फोटो आहे आणि फोटोत कोणीतरी भरभक्कम आहे. तेवढं तिला पुरे होतं.

"अगंबाई!" आई म्हणाली आणि शिकवल्याप्रमाणे थांबली. "किती विश्वासू चेहरा! या माणसाच्या गादीवर डोळे मिटून झोपावं!"

शेठ खुर्चीत सरळ झाले आणि लाजून त्यांनी बुशकोटाची कॉलर नीट केली. पहिलेपानेंचा जीव भांड्यात पडला. झालं होतं, सगळं झालं होतं! आई तिथेच थांबती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण रंगात आलेली बाई थांबते होय?

"आणि तब्येत कशी राखलीय! खात्यापित्या घरचे दिसतात."

"आई..." पहिलेपाने हळूच म्हणाले.

"केस मात्र अजिबातच राहिले नाहीत."

शेठचा हात आपोआप डोक्यावर गेला. तिथे दाट, काळेभोर केस होते. महिन्याच्या महिन्याला रंगवलेले!

"कान जरा लहान आहेत. पण हसतात किती मोकळेपणाने, बाई! सगळं तोंड उघडून! आणि खालचे दात तर बघा, केवढे! या वयात असे दात कोणाचे असतात?"

शेठचा कप ओठांपाशी जाऊन थांबला. "माझं तोंड..." ते सावकाश म्हणाले, "फोटोत मिटलेलं आहे."

 पण तालीम म्हणजे तालीम! बायकोला आपलं वाक्य तेवढं आठवत होतं. ती पदराला हात पुसत लगबगीने पुढे आली, सासूच्या हातातून पेपर घेतला, "बघू, बघू, दुकान कुठे आहे?" म्हणाली आणि फोटोखालची ओळ खणखणीत आवाजात वाचून मोकळी झाली. "प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या हौदात!"

फोटो पाणघोड्याचा होता. कालच आणलेला नवा पाणघोडा, हौदात उभा, जांभई देताना.

जॅकेटचा पत्ता नव्हता. वरचं पान गायब, शेठ गायब, गादी गायब! पेपर आपला उघडाबोडका, थेट बातम्यांपासून सुरू. पहिलेपानेंनी तो उलटा केला, सुलटा केला, झटकला, सोफ्याखाली वाकून बघितलं. मग "एक मिनिट हं, शेठ," म्हणून बायकोला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"जॅकेट कुठे आहे?"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, निदान आज तरी खरं सांगायचं होतं! पाहुण्याला घरी बोलावून एवढं नाटक कशाला?"

"कसलं नाटक?"

"किती महिने झाले, आपल्या पेपराला एकदाही जॅकेट आलेलं नाही. एकदाही! मला कळत नाही का, तुमचं पहिलं पान आता कोणी घेत नाही म्हणून? तुम्ही रोज येऊन सांगता, आज आपलंच होतं, आज आपलंच होतं. मी कधी काही बोलले? म्हटलं, माणूस आतून खचलाय, घरात तरी बोलू दे बिचाऱ्याला. म्हणून आपली दोन घास जास्त वाढत गेले!"

पहिलेपाने ओट्याला टेकले. म्हणजे तो मान नव्हता, कीव होती! पट्ट्याचं एकेक भोक दयेपोटी सुटलं होतं. रागवावं तर कोणावर? त्यांना खरं तर भरूनही आलं होतं. आपण खोटं बोलतो असं पक्कं वाटत असताना या बाईने एवढे महिने एका शब्दाने दुखवलं नव्हतं.

"अगं, पण रोज छापून येतं ते!" ते कसेबसे म्हणाले. "मी ऑफिसात या डोळ्यांनी बघतो!"

"मग जातं कुठे?"

हाच प्रश्न दारात उभं राहून गादीशेठही विचारत होते.

त्यावर एकच माणूस उत्तर देऊ शकत होता. पहिलेपाने पुढे, शेठ मागे आणि शेठच्या मागे बायको, अशी वरात गल्लीच्या कोपऱ्यावर पेपरवाल्याकडे निघाली. पेपरवाला सकाळची घरं उरकून बंद दुकानाच्या पायरीवर निवांत चहा पीत बसला होता. पायरीवर म्हणजे नुसत्या पायरीवर नव्हे. त्याच्याखाली छापील कागदांचा हातभर उंच, चौकोनी, काठ जुळवलेला गठ्ठा होता.

"या, या, साहेब!" तो म्हणाला. "आज सकाळी सकाळी?"

"आमच्या पेपराचं वरचं पान कुठे आहे?"

"हे काय!" पेपरवाल्याने अभिमानाने स्वतःच्या बैठकीवर थाप मारली. "तुमचं, तुमच्या बिल्डिंगचं, समोरच्या दोन्ही बिल्डिंगांचं. सगळं इथे आहे, कुठे जात नाही. घरी टाकायच्या आधी एकेक काढून घेतो. गिऱ्हाइकाला त्रास नको! वर एक पैसा घेत नाही, साहेब. सेवा!"

"कोणी सांगितला होता हा आगाऊपणा?" पहिलेपाने ओरडले.

पेपरवाल्याला मनापासून वाईट वाटलं. "अहो, तुमच्याच घरचा निरोप होता की! ताईच म्हणाल्या होत्या, ते वरचं जाहिरातीचं पान पायात येतं, घरभर पसारा होतो, ते तुमच्याकडेच ठेवत जा. मी तसं केलं. मग तुमच्या शेजारच्यांना आवडलं. मग त्यांच्या शेजारच्यांना. आता गल्लीत कोणाकडेच टाकत नाही."

पहिलेपानेंनी मागे वळून बघितलं. बायकोने जीभ चावली.

"एकदा म्हटलं होतं खरं मी," ती पुटपुटली. "त्या दिवशी पाय घसरला होता ना माझा त्याच्यावरून. नंतर विसरूनच गेले. मला वाटलं, यायचीच बंद झाली."

 आता शेठ पेपरवाल्याला म्हणाले, "जरा उठा."

पेपरवाला उठला. गठ्ठ्यावर सगळ्यात वर शेठ होते, पानभर, तोंड मिटून, गालावर मोठी सुरकुती पडलेली. शेठनी स्वतःकडे बराच वेळ पाहिलं. पहिलेपानेंना तळघरातला तो दिवा समोर लुकलुकताना दिसायला लागला. पण जन्म गाद्यांत गेलेला माणूस! शेठचा हात आपसूक पुढे झाला. त्यांनी गठ्ठा तळव्याने दाबला, कडेने चाचपला आणि सावकाश त्यावर बसून पाहिलं.

"कडक आहे," ते म्हणाले. "पण कंबर धरून ठेवील."

"एवढे महिने बसतोय, शेठ," पेपरवाला खुलून म्हणाला. "विकतची गादी काय करील असं काम करतेय!"

शेठ उठले. "माझी बॅग तुमच्या घरी राहिलीय," ते पहिलेपानेंना म्हणाले, "ती घेतो आणि निघतो." त्या आवाजात सही नव्हती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

परत घरी आले तर आई एव्हाना चष्मा लावून खिडकीजवळ बसली होती. मांडीवर पेपर, पेपराचं मधलं पान उघडलेलं. तिघं आत आली तरी तिने मान वर केली नाही. एकेका फोटोवर बोट ठेवून ती चेहरा निरखायची, नाव वाचायची, वय वाचायची, खालची मुलासुनांची नावं वाचायची, "चच्" करायची आणि मग पुढच्या चौकटीकडे वळायची. शेठ बॅग उचलायला वाकले ते तसेच थांबले.

"आजींचं हे रोजचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"रोजचं," कन्या म्हणाली. "भूकंप झाला तरी हे पान संपल्याशिवाय ती बाहेर येणार नाही."

"जरा बघू का, आजी?" शेठनी हात पुढे केला.

"थांबा हो! खालचा कोपरा राहिलाय माझा," आईने पान छातीशी धरलं. "आणि मग शेजारणीला द्यायचंय. त्यांचा पेपर वेगळा, त्यांच्याकडची माणसं वेगळी. आम्ही पानं बदलून वाचतो."

शेठ मटकन वेताच्या खुर्चीत बसले. "पहिलेपाने," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला होता, "या पानावर गाद्यांची जाहिरात कोणी देतं?"

"या पानावर? छे हो, शेठ! तिथे कोण देणार!"

"कसलीच जाहिरात नसते?"

"एकही नाही."

"म्हणजे मी दिली तर मी एकटाच?"

 आयुष्यभर टेबलावर आपटलेला शब्द पहिलेपानेंनी आज अलगद खाली ठेवला. "एक... एकमेव," ते म्हणाले.

"मग हेच पान! हाच फोटो! चौकटीत! वर्षभर!" शेठनी बॅग उघडली, कंत्राटातलं 'पहिलं पान' खोडलं, वर 'श्रद्धांजलीचं पान' असं लिहिलं आणि झोकात सही ठोकली.

मालक खूश झाले. इतके खूश झाले, की ज्या पानावर आजवर फक्त अश्रू ढाळले जायचे त्याचा दर त्यांनी त्याच दिवशी वाढवला. पहिलेपाने खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले, तेवढ्यात मालकांचा निरोप आला, सामान घेऊन तळघरात जा! ते धावत केबिनमध्ये शिरले.

"अहो, कंत्राट आलं ना, साहेब?" पहिलेपाने धापा टाकत म्हणाले.

"आलं ना! म्हणून तर म्हणतो. तुम्ही जागा विकलीत ती तळघरातली. मग वर बसून काय करणार? आता तो विभाग तुमचा!"

अशा रीतीने कंत्राट मिळवून पहिलेपाने तळघरात गेले.

पहिली जाहिरात आली त्या सकाळी ते घरीच चहा पीत होते. आई खिडकीजवळ चष्मा लावून बसली होती. अचानक तिने "अगंबाई!" केलं, आणि हे काही तालमीतलं नव्हतं. "अरे, हे तर आपल्याकडे आले होते ते! परवाच तर या खुर्चीत बसून चहा पिऊन गेले. कसे धडधाकट होते रे! कधी गेले?"

"आई, ते गेले नाहीत. जिवंत आहेत."

"काहीतरीच काय! चौकटीत आलेत की!"

एवढ्यात फोन वाजला. गादीशेठच होते. सकाळपासून दुकानात माणसांची रीघ लागली होती, फुलं घेऊन! शेठना गल्ल्यावर बसलेलं बघून एकजण किंचाळला, एकजण चक्कर येऊन गादीवरच पडला. पण जिवंत माणसाच्या दुकानात फुलं घेऊन गेल्यावर रिकाम्या हाताने परत तरी कसं फिरायचं? लाजेकाजेस्तव कोणी उशी घेतली, कोणी गादी नोंदवली. "पहिलेपाने, तुफान चाललीय जाहिरात!" शेठ ओरडत होते, बहुधा तोंड उघडून.

पहिलेपानेंनी फोन ठेवला. आई त्यांच्याकडे बघत होती.

"जिवंत आहेत तर मग त्यांना या पानावर जागा कोणी दिली?"

"मी विकली, आई," पहिलेपाने हळू आवाजात म्हणाले. अलीकडे ते हळूच बोलायला लागले होते.

आईने चष्मा काढला. ती रागावली नाही, पण तिचा चेहरा उतरला. "सगळ्या पेपरात एवढं एकच पान होतं रे, ज्याच्यावर विश्वास ठेवावा," ती म्हणाली. बायकोने पहिलेपानेंच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली.

पुढच्या आठवड्यात ऑफिसला जाताना कोपऱ्यावर पेपरवाला दिसला. तो नेहमीपेक्षा जरा उंच बसल्यासारखा वाटत होता.

"साहेब, आजींचा निरोप मिळाला बरं का!" तो लांबूनच ओरडला. "आजपासून मधलं पानही काढून ठेवतोय!"